तिखटाचा ठसका

तळेगावच्या बाजाररस्त्यावर तानबाची तिखटाची चक्की आहे. त्या चक्कीच्या दारात कोणी खोकलं, शिंकलं, डोळे पुसले, तर काय झालं म्हणून कोणी विचारत नाही. विचारायचं काय त्यात? संक्रांत आटोपली की गावोगावच्या बाया वर्षाची मिरची घेऊन येतात, आणि होळी उलटून उन्हं चांगली तापेपर्यंत मशीन काही थंड होत नाही. भिंती लाल, पंख्याची पाती लाल, कॅलेंडरातला देवसुद्धा लाल. नवं माणूस उंबऱ्याशी आलं की ठसकतं आणि आतले सगळे हसतात. ठसका हा त्या चक्कीतला रामराम आहे, बस.

पंचाहत्तरी ओलांडली तरी तानबा मशीनवर दुसऱ्या कोणाला बसू देत नव्हता. बाप उखळात मिरची कुटायचा, तानबानं मशीन आणली, आणि आता पोरगा हेमराज बिल, वजन, मोबाईलवरचे पैसे असलं काय काय पाहायचा. पण मिरची मशीनच्या तोंडात कधी घालायची, चाळणी कोणती लावायची, हे तानबाच सांगणार. मिरची हातात घेऊन मोडली की आवाजावरून तो सांगायचा, उन्हात नीट वाळली की नाही. ओली असली तर बाईला सरळ परत पाठवायचा. "वाळवून आणा बाप्पा, बुरशी लागल्यावर माह्या नावानं बोंबलान." त्याच्या सदऱ्याच्या कॉलरी कधी पांढऱ्या राहिल्या नाहीत. आंघोळ करताना अंगावरून पहिलं पाणी लालच जायचं. माणूस तोंडानं फटकळ, पण तोलात खोट नाही. गावात मान होता त्याला.

आणि मान असलेल्या माणसाची एक पंचाईत असते. तो काहीही बोलला तरी लोक मान डोलावतात.

करोनाच्या दोन्ही लाटा गावावरून गेल्या. समोरच्या गल्लीतले गेले, बसस्टँडवरचा चहावाला गेला. तानबाच्या घरात कोणाला काही झालं नाही. झालंही असेल, पण त्या घरात कळायचं कसं? आणि तेव्हापासून तानबाच्या डोक्यात पक्कं बसलं की तिखटात जंतू जळतात. "जंतू असो का जंतूचा बाप," तो मशीनच्या आवाजावर ओरडून सांगायचा, "तिखटात जित्ता राह्यला तं मले आणून दाखवजो!" लोक हसायचे, पण आत कुठंतरी त्यांनाही ते पटायचं. हळूहळू अशी रीतच पडली, की ज्याचं नाक चोंदलं तो चक्कीवर यायचा. तानबा त्याला आत बसवायचा. चार शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी गेलं, नाक वाहिलं, की माणूस म्हणायचा, "वा तानबाजी, मोकळं वाटलं." तानबाची छाती फुगायची. फुकटातला दवाखाना म्हणायचे लोक. आता नाक मोकळं झालं, तिखटानं वाहिलं, हे खरंच होतं. पण त्या नाकातून जे बाहेर पडलं ते जळालं की शेजारच्याच्या नाकात गेलं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. तानबाच्या तर नाहीच.

त्या शेजारच्या जागेवर रोज बसायची प्रमिलाबाई, त्याची बायको.

प्रमिलाबाई हिंगणीची. बोर धरणाकडचं, जंगलाच्या कडेचं गाव, हवा अशी की माणसाला भूक लागावी. लग्न होऊन आली तेव्हा तिची शिंक काही थांबेना. सासूला वाटलं, नवरी माहेरच्या आठवणीनं रडून राहिली. खरं म्हणजे दोन्ही होतं. तानबानं तेव्हा कोणाला न दिसता तिच्या हातात गुळाचा खडा ठेवला होता. पुढं तिलाच तिखटाची सवय झाली, आणि एक सोयही झाली, की चक्कीत बसून बाईनं डोळे पुसले तर कोणी कारण विचारत नाही. पोटचं एक लेकरू गेलं तेव्हा ती त्या चक्कीतच रडली, सगळ्यांच्या देखत, आणि कोणाला कळलंही नाही. तानबाला कळलं होतं. त्यानं मशीन बंद केली नव्हती, एवढंच.

आता बाई सत्तरीपार गेलेली. पण चाळणं तिचंच, मसाल्याचे धने-जिरे भाजणंही तिचंच. येणाऱ्या बायांशी गप्पा मारत मिरचीचे देठ खुडणं, हाही तिचाच प्रांत.

बसस्टँडजवळ डॉक्टर नमिता मॅडमचा दवाखाना आहे. दिवाळीनंतर प्रमिलाबाईचे गुडघे दुखत होते म्हणून तानबा तिला घेऊन गेला. मॅडमनं गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "साठी उलटलेल्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. तुम्ही दोघं तर रोज शंभर माणसांत बसता. आजच देऊन टाकू?" प्रमिलाबाईनं पदर सावरून ब्लाउजची बाही वरही केली होती. तानबा हसला. "राहू द्या वो मॅडम. आमची लस रोज नाकातून जाते. घरी चाल वो, गिऱ्हाईक उभे असतीन." बाकावर बसलेले चार पेशंट खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. प्रमिलाबाईनं बाही खाली घेतली आणि नवऱ्याच्या मागं निघाली.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "घेतली असती तं काय बिघडत होतं?"

"तुले काय झालं म्हणून टोचून घेतं?" तानबा म्हणाला. विषय तिथंच संपला.

फाल्गुन लागला. मशीन दिवसभर चालू. एक दिवस आष्टीकडच्या शकुंतलाबाई मिरची घेऊन आल्या. पन्नाशीची धडधाकट बाई, तोंडानं चुरचुरीत, दरवर्षीची गिऱ्हाईक. नागपूरला भाचीच्या लग्नाला जाऊन आलेल्या, आवाज बसलेला, नाक लाल. "नंतर येतो तानबाजी," त्या दारातूनच म्हणाल्या, "मले सर्दी लय झाली. तिकडं लग्नात अर्धे वऱ्हाडी खोकून राह्यले होते."

"अवो, सर्दी झाली तं उलट आत बसा!" तानबानं स्वतः उठून त्यांचं पोतं आत ओढलं. "प्रमिला, त्याइले जागा दे बापा तुह्याजोळ. चहा होईपर्यंत नाक मोकळं होते का नाई पाहा."

शकुंतलाबाई बसल्या. दोघी मांडीला मांडी लावून देठ खुडत राहिल्या. नवरीची साडी कशी होती, जेवणात काय होतं, मुलाकडच्यांनी काय नखरे केले. शकुंतलाबाई खोकल्या, शिंकल्या, पदरानं नाक पुसून पुन्हा त्याच हातानं मिरची उचलली. प्रमिलाबाई हसून हसून पुढं वाकत होती. तानबा मशीनवरून बघत होता, आणि त्याला बरं वाटत होतं. घर भरलेलं, काम भरलेलं, बायको हसते आहे. अजून काय पाहिजे माणसाला?

पुढच्या दोन-तीन दिवसांत प्रमिलाबाईला खोकला लागला. लागला म्हणजे काय, त्या घरात खोकला होताच. पण सून सपना पोळ्या लाटता लाटता थबकली. सासूचा खोकला तिला चक्कीतून नाही, देवघरातून ऐकू आला होता.

"मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "आत्याबाईचा खोकला मले येगळाच वाटून राह्यला. खालून येते. जेवल्याही नाई दोन घासाच्या वर."

"तिखट चढलं असन. सीझन हाय." तानबानं ताटातली भाजी पुढं ओढली. "अंग गरम हाय का?"

"नाई. अंग तं थंडच हाय."

"मंग झालं तं! तापच नाई तं आजार कायचा?"

ताप नाही, या एका गोष्टीवर तानबा निश्चिंत झाला. म्हाताऱ्या शरीराला कधी कधी ताप आणण्याइतकीही ताकद उरत नाही, हे त्याला कोण सांगणार? सांगणारीकडून तर तो बायकोला उठवून घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी धने करपले. प्रमिलाबाई कढईसमोर बसली होती, कालथा हातात, आणि धूर वर चढत होता. जी बाई रस्त्यापलीकडच्या घरातली फोडणी वासावरून ओळखायची, तिला समोरची कढई जळताना कळलं नाही. सपना धावत आली, गॅस बंद केला. "आत्याबाई, वास नाई आला का?"

"आला ना," प्रमिलाबाई म्हणाली. पण तिनं कढईकडं पाहिलंच नव्हतं.

तानबानं ते पाहिलं. तो मशीनवरून अर्धा उठलाही, खोटं कशाला सांगायचं. पण बाहेर बाया रांगेत बसल्या होत्या, कोणाची बस सुटायची होती, कोणाचं लेकरू रडत होतं. त्यानं मनाशी म्हटलं, थकली असेल, संध्याकाळी नमिता मॅडमकडं नेऊ. संध्याकाळी आणखी दोन पोती आली. उद्या नेऊ. माणसाचं उद्या मोठं लबाड असतं.

तो उद्या उजाडला आणि दुपारी लाइन गेली.

बिजलीवाल्यांचं काहीतरी काम होतं, दिवसभर येणार नव्हती. हेमराजनं गिऱ्हाइकांना परत पाठवलं. मशीन थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती चक्की गप्प झाली. सपनानं सगळी दारं-खिडक्या उघडून पाणी मारून जागा धुवून काढली. हवेत कण उरला नाही. तानबा ओट्यावर आडवा झाला, डोळा लागतो न लागतो तोच त्याच्या कानावर खोकला आला.

घरातून येत होता. एकदा आला, थांबला, पुन्हा आला. मशीनच्या घरघरीत तो इतके दिवस बुडून गेला होता, आता नागडा ऐकू येत होता. खोकला संपला की मागून एक बारीक शीळ यायची, श्वास आत ओढल्याची. तानबा उठून बसला. हवेत हात फिरवून त्यानं तो नाकाशी नेला. तिखट नव्हतंच. मग ही कशानं खोकते?

त्या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत होतं, आणि तेच त्याला नको होतं. तो उठून आत गेला. प्रमिलाबाई भिंतीला टेकून बसलेली, खांदे प्रत्येक श्वासाला वर-खाली होत होते. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, बैल जुंपले का? हिंगणीले उजेडातच पोचाले पाह्यजे. वाटंत जंगल हाय."

भाऊ म्हणजे तिचा भाऊ. तो मरून जमाना झाला होता.

"प्रमिले, मी हाय वो," तानबा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "मले ओयख ना."

तिनं ओळखलं नाही. तिचे ओठ जांभळट दिसत होते. तानबानं अशी हाक मारली की हेमराज रस्त्यावरून धावत आला.

नमिता मॅडमनं तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि लगेच फोन उचलून अ‍ॅम्बुलन्स बोलावली. मग ऑक्सिजनचा मास्क लावत म्हणाल्या, "सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ताच. फुप्फुसात उतरलंय."

"करोना हाय का?" हेमराजनं विचारलं.

"तपासल्यावर कळेल. पण करोनाच असावा लागतो असं थोडंच आहे? आपण ज्याला साधी सर्दी म्हणून सोडून देतो ना, तोच फ्लू तरण्या माणसाला चार दिवस अंथरुणात टाकून निघून जातो. या वयात तो जात नाही, आत उतरतो. त्यात यांच्या छातीत तिखट भरलेलं." त्या थांबल्या. "कधीपासून आहे?"

तानबा खाली बघत होता.

"ताप नोयता मॅडम," तो शेवटी म्हणाला. "ताप असता तं आणली असती. देवाशपथ आणली असती."

"म्हाताऱ्या माणसांना नाही येत ताप कधी कधी, बाबा. जेवण तुटतं, भ्रमिष्टासारखं बोलतात, तीच खूण समजायची."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लशीचं नावही काढलं नाही. तानबाला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अ‍ॅम्बुलन्स आर्वीवरून वर्ध्याकडं निघाली. तानबानं बायकोचा हात धरला होता. त्या हाताच्या नखांत अजून लाल रंग होता. ती मधूनच मास्क ओढून काढायची, तो पुन्हा बसवायचा. मनातल्या मनात तो नुसता एकच गोष्ट घोकत होता: मीच शकुंतलाबाईला हिच्याजवळ बसवलं. मीच उठून पोतं आत ओढलं. ती बाई तर परत जात होती.

सेवाग्रामला तपासणीत फ्लूच निघाला. प्रमिलाबाईला आत घेतलं, तोंडावर मोठा मास्क बांधला. डॉक्टर रोज सांगायचे, आज काही सांगता येत नाही. हेमराज आणि सपना पाळीपाळीनं थांबत. तानबा घरी गेलाच नाही. चक्कीला कुलूप लागलं, ऐन हंगामात. बाजाररस्त्यानं जाणारे लोक कुलपाकडं पाहून हळू बोलायला लागले. सपना कपडे न्यायला घरी गेली तेव्हा शकुंतलाबाई आपलं तिखट न्यायला आल्या होत्या, ठणठणीत बऱ्या झालेल्या. ऐकून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मी तं म्हनलं होतं वो, नंतर येतो म्हून," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. सपनानं ते सासऱ्याला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, जरा बरं आहे. माणसं ओळखतात. पण धोका टळला असं समजू नका, छातीत जोर उरलेला नाही, आता दुसरं काही लागलं तर सोसवणार नाही. त्या वॉर्डात सगळी म्हातारीच माणसं होती, एकाहून एक नाजूक. ज्याला जराही सर्दी-खोकला आहे त्यानं आत पाऊल ठेवायचं नाही, असा सक्त नियम होता.

तानबा बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली बसला होता. अंगावर हेमराजनं आणलेला पांढरा सदरा, कॉलर पांढरीच्या पांढरी. नखं स्वच्छ झाली होती. आणि घशात सकाळपासून काहीतरी खवखवत होतं. त्यानं खाकरून पाहिलं. मग खोकला आला. तोंडावर हात ठेवता ठेवता तो सवयीनं मनात म्हणाला, तिखट चढलं. आणि तिथंच गार पडला. कोसभर तिखट नव्हतं. वर लिंब होता, खाली धुतलेली फरशी.

तेवढ्यात हेमराज जवळजवळ पळतच आला. त्याचा चेहरा फुलला होता. "बाबा, चाला! मायचा मास्क काढला थोडा टाइम. तुमचंच नाव घेऊन राह्यली. बाबा कुठं हायेत म्हणते."

तानबा उठला. इतके दिवस तो याच हाकेची वाट बघत होता. वॉर्डाच्या दाराला काच होती. काचेतून ती दिसली, एवढीशी झालेली, उशीवर डोकं, डोळे दाराकडं लावलेले. खोकला छातीतून वर आला. त्यानं दात आवळून गिळला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कोणी पाहिलं नाही. दोन मिनिटं गिळून धरता येईल, त्याला वाटलं. जावं, हात हातात घ्यावा, चुकलो म्हणावं, निघून यावं. कोणाला कळणार? त्यानं दारावर हात ठेवला.

"आजोबा, सर्दी-खोकला नाही ना?" दारातल्या सिस्टरनं विचारलं.

तिखटाचा ठसका आहे, हे उत्तर जन्मभर त्याच्या जिभेवर तयार होतं. तानबानं पुन्हा एकदा काचेतून बायकोकडं पाहिलं.

"हाय," तो म्हणाला. "सकायपासून हाय. खराच खोकला हाय, बाई. मले आत नोका जाऊ देऊ."

सिस्टरनं झटकन त्याला बाजूला घेतलं, मास्क दिला, तपासणीची खिडकी दाखवली. हेमराज तोंड उघडं टाकून बघत राहिला. "बाबा, मंग मायले काय सांगू? ती दाराकडंच पाहून राह्यली."

खोकला आहे म्हणून सांगितलं तर ती उठून बसायची, नळ्या उपटायची. तानबा तिला ओळखून होता.

"सांग, बाबा आलेच नाई. चक्कीवर गर्दी लय हाय म्हणा."

"तिले काय वाटन बाबा?"

"वाटू दे."

हेमराज आत गेला. तानबानं काचेतून पाहिलं. पोरगा वाकून तिच्या कानाशी बोलला. तिनं ऐकलं. थोडा वेळ ती तशीच दाराकडं बघत होती, मग डोळे मिटले, काहीतरी बोलली, आणि सिस्टरनं मास्क पुन्हा तोंडावर ओढला.

हेमराज बाहेर आला तो डोळे पुसतच.

"काय म्हणे?"

"म्हणे, सीझन हाय, येऊ नोका म्हणा. अन..."

"अन काय?"

"म्हणे, तिखट लय उडते. नाकाले फडकं बांधून बसत जा म्हणा त्याइले."

तानबानं मास्क नाकावर नीट वर ओढला आणि खोकत खोकत तपासणीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.